शुक्रवारची सतार

आमच्या घरी सतार शुक्रवारी रुसायची. हे मला इतक्या लहानपणी कळलं की त्यात काही विचित्र आहे असं पुष्कळ वर्षं वाटलंच नाही. कुणाच्या घरी सोमवारी केस धूत नाहीत, कुणाच्या घरी शनिवारी तेल विकत आणत नाहीत, तसं आमच्याकडे शुक्रवारी सतारीला हात लावायचा नाही. लावलाच तर खुंट्या पिळून मनगट दुखायचं, एक तार जुळली म्हणेपर्यंत दुसरी उतरायची, आणि शेवटी बाबा म्हणायचे, "ठेव की गवसणीत. आज मूड नाही तिचा." आईकडे याचं स्वतःचं स्पष्टीकरण होतं. ती शुक्रवारचा उपास करायची, त्या दिवशी घरात आंबट चालत नसे, आणि देवीला आंबट चालत नाही तसंच टणटण करणंही चालत नसणार, असं तिचं मत होतं. सतार वाजवणं याला आई कायम टणटण करणं म्हणायची. मात्र माझी टणटण एखाद्या दिवशी ऐकू आली नाही तर बरं नाही का म्हणून कपाळाला हात लावून बघायची तीच.

आम्ही तेव्हा नवी मुंबईत, बोनकोड्यात, कमळाकाकीच्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. बाबांना तिथल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि आई, मी, दोन ट्रंका आणि रजईत गुंडाळलेली सतार असा लवाजमा मिरजेहून टेम्पोनं येऊन तिथं उतरला. आजूबाजूला नव्या वसाहतीच्या बैठ्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. पूर्वी तिथं काकीची भाताची शेतं होती. शेतं गेली, तेव्हा काकीनं राहत्या घरावर मजला चढवला आणि आम्हाला ठेवलं. भाडेकरू म्हणून ठेवलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण तांदळाच्या भाकरीचा पहिला वाफाळता तुकडा ती जिना चढून मला आणून द्यायची. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली, गल्लीच्या कोपऱ्यावर, तारेच्या कुंपणात डीपी होती. डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, पण ते नाव मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलंय. काकी तिच्या कुंपणाशेजारी दोरीवर बोंबील वाळत घालायची आणि डीपी दिवसरात्र गूंऽऽ करत त्यांची राखण करायची. पहिले काही दिवस त्या आवाजानं आईला झोप लागेना. मग लागायला लागली. मग डीपी आम्हाला ऐकू येईनाशी झाली. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, तसं काहीसं झालं असावं.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असायची आणि लाईटवाले तोच दिवस दुरुस्तीला धरायचे. सकाळी गेलेली लाईट दिवेलागणीला यायची. त्या दिवशी सगळी गल्ली हाशहुश करत ओट्यावर येऊन बसायची. पोरं हातपंख्यांनी मारामाऱ्या करायची. अशाच एका शुक्रवारी काकी जिना चढून वर आली, गवसणीत गुपचूप पडलेल्या सतारीकडे बघितलं, मग छताच्या बंद पंख्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "लाईट गेली क तुजी सतार पन बंद. लायटीवर चालते ना गो ही?" मी हसून हसून गादीवर पडले. बाबांनी तिला सतार काढून दाखवली, यात वायर नाही, बटण नाही, नुसता भोपळा आणि तारा आहेत हे सांगितलं. काकीनं भोपळ्याभोवती फिरून मागची बाजू तपासली. तिचं समाधान झालं नाही. शहरातली माणसं सगळं सांगत नाहीत असा चेहरा करून ती खाली गेली. पुढं कितीतरी दिवस आम्ही घरात लाईट गेली की एकमेकांना विचारायचो, सतारीचं बटण कुठंय म्हणून.

बाबांची तीन पाळ्यांची नोकरी, त्यामुळे आमच्या घरात रियाजाची ठरलेली वेळ नव्हती, म्हणजे सगळीच वेळ रियाजाची होती. ते सकाळच्या पाळीहून आले की हात दोनदा साबणानं धुवायचे, तरी बोटांना लॅबचा उग्र वास राहायचा. मग डाव्या बोटांना खोबरेल तेलाचा थेंब लावून बसायचे आणि तारेवरून बोट असं घसरायचं की स्वयंपाकघरातली आई पोळी तव्यावरच विसरायची. तारेनं माझ्या डाव्या तर्जनीवर काळी रेघ पडली होती आणि उजव्या बोटात नखीनं, म्हणजे तार छेडायला बोटात घालतात त्या तारेच्या टोपीनं, खळगा केला होता. आमटीतलं तिखट त्या खळग्यात शिरलं की ब्रह्मांड आठवायचं. आई मला वरण-भात कालवून द्यायची आणि म्हणायची, लोकांच्या पोरी भाजी चिरून बोटं कापून घेतात, त्यात निदान भाजी तरी होते. मिरजेचा चिवडा, काकीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बाबांचा यमन, या सगळ्याचा मिळून जो एक वास होता तो मला आजही एकदम येतो. यमनाला वास असतो हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत नाही. उगाच हसतील.

माझ्याबद्दल बाबांना एक मोठा अभिमान होता. मी वाजवायचे ठीकच, पण सतार लावायचे झटक्यात. सतारीवर वाजवण्याच्या तारा वर असतात आणि त्यांच्या खाली तरफेच्या बारीक तारा, ज्यांना कुणी हात लावत नाही, वरचा सूर बरोबर लागला की त्या आपणहून झंकारतात. ही सगळी फौज एका सुरात आणायची म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. लोक आधी तानपुरा नाहीतर पेटी लावून सा घेतात, म्हणजे ज्या सुरावर बाकी सगळं उभं राहतं तो मूळ सूर. मला यातलं काहीच लागत नसे. मी बसायचे, डोळे मिटायचे, आधी पंचमाची तार लावायचे आणि तिच्यावरून सा. जगात सगळे उलट करतात. पंचम आधी, हे बाबांना माझ्या प्रतिभेचं लक्षण वाटायचं. ते येईल त्याला सांगायचे, पोरीच्या कानात सा जन्मतःच आहे. हळूहळू ते स्वतः वाजवायला बसतानाही सतार माझ्या कानावरूनच लावायला लागले. फक्त आमच्याकडे साथीला येणारा तबलजी कुरकुर करायचा. हातोडी घेऊन तबला ठोकता ठोकता म्हणायचा, "साहेब, तुमच्या घरी आलं ना की माझा तबला उतरवायलाच लागतो. तुमची काळी एक जरा ढिली हाय. दुसरीकडे कुठं हे टेन्शन नाय." काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, तोच आमचा सा असं बाबा धरून चालायचे; ते म्हणायचे, उन्हातून येताना तुझंच कातडं चढलंय. पेटी आणून बघू या, असं तो म्हणाला की बाबा म्हणायचे, पेटीला काय कळतंय.

बाबांचे गुरुजी वाशीला राहायचे. बाबा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायचे. तिथं सतत तानपुरा चालू असे, तिथं ते त्या तानपुऱ्यात सतार लावायचे, घरी आले की माझ्यात. गुरुजी थकले होते आणि नवीन कुणालाच शिकवत नव्हते. मला त्यांच्याकडे शिकायचं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण दहावीनंतर मुलींनी काय काय करावं याची चर्चा घरात सुरू झाली होती आणि सतार त्या चर्चेत कुठंच नव्हती. बाबांनी मला शिकवलं ते त्यांना येत होतं तेवढं. त्याच्या पुढं त्यांचंच शिक्षण पाळ्यांच्या नोकरीत अडकलं होतं. गुरुजींनी घेतलं तर मी सतारवादक होणार होते, नाही घेतलं तर सतार वाजवता येणारी मुलगी. हा फरक मला त्या वयातही लख्ख कळत होता. बाबांनी गुरुजींकडे माझ्या कानाची तारीफ इतक्या वेळा केली की शेवटी ते वैतागून म्हणाले, गुरुवारी आण तिला, बघू.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही रिक्षानं निघालो. सतारीची मान रिक्षाबाहेर, तिला सांभाळत बाबा अर्धे बाहेर. आईनं बेसनाचे लाडू दिले होते आणि तिथं खोकू नकोस अशी सूचना. गुरुजींचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर, तिथं त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना माई म्हणायचे, काहीतरी ढवळत होत्या. गुरुजींनी त्या दिवशी तानपुरा बंद ठेवला होता. त्यांनी माझी सतार मांडीवर घेतली, वाजवून बघतील असं वाटलं, पण त्यांनी शांतपणे एकेक खुंटी उलटी फिरवली. वरच्या तारा, खालची तरफ, सगळं सैल. मग सतार माझ्यासमोर ठेवली. "माझ्याकडं आता थोडी वर्षं आहेत," ते म्हणाले. "तारा लावायला शिकवण्यात ती घालवणार नाही. तुझी तुला लागली तर ये माझ्याकडे. नाही लागली तर बापाकडे शीक. मला राग नाही."

मी डोळे मिटले आणि पंचमाची खुंटी धरली. कानात काहीच नव्हतं. खुंटी वर नेली, खाली आणली, प्रत्येक ठिकाणी तार म्हणायची हाच तो, आणि थोडी पुढं गेली की पुन्हा म्हणायची हाच तो. मनगट दुखायला लागलं. तो गुरुवार होता, पण माझ्या सतारीचा शुक्रवार झाला होता. बाबांना राहवेना. ते हळूच म्हणाले, "तिला शुक्रवारी जमत नाही गुरुजी, पण आज..." गुरुजींनी हात वर केला. मला रडू येत होतं आणि रडले तर नखीचं बोट डोळ्यात जाईल एवढंच सुचत होतं.

तेवढ्यात आत काहीतरी खडखडलं आणि गुरगुरायला लागलं. गूंऽऽ. आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता, त्यामुळे तो आवाज कशाचा हे मला कळलं नाही. एवढंच कळलं की तो माझ्या ओळखीचा आहे आणि इतका वेळ मी त्याचीच वाट बघत होते. मी म्हटलं, मी जरा स्वयंपाकघराच्या दाराशी बसू का? सगळ्यांना वाटलं मला चक्कर येतेय. माई पाणी घेऊन आल्या. मी सतार उचलली, उंबऱ्याशी जाऊन बसले, पंचम लावला, सा लावला, तरफ लावली. खुंट्या अशा फिरत होत्या जणू घरीच बसलेय. शेवटी तरफेवरून नख फिरवलं आणि झर्रकन सगळ्या तारा बोलल्या. बाबांचा ऊर भरून आला होता. त्यांनी माईंच्या हातातलं पाणी घेऊन स्वतःच पिऊन टाकलं.

गुरुजी मात्र खूश दिसेनात. ते उठले, कोपऱ्यातली पेटी उघडली, काळी एक दाबली. माझा सा तिच्या खाली. पांढरी एक दाबली. माझा सा तिच्या वर. दोन पट्ट्यांच्या फटीत कुठंतरी मी बसले होते. त्यांनी बोट न उचलता विचारलं, पंचम आधी का लावलास? तसाच लागतो, असं म्हटलं. मग ते बाबांकडे वळले आणि विचारलं, शुक्रवारी का जमत नाही हिला?

"रुसते सतार. पहिल्यापासून आहे तसं."

"शुक्रवारी तुमच्याकडे लाईट असते का?"

"नसते." बाबांना प्रश्नाचा रोख कळेना.

"घराबाहेर काय आहे?"

"काही नाही. डीपी आहे," बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा बदलला.

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. माई आतून धावत आल्या आणि त्यांची पाठ चोळायला लागल्या. डोळे पुसत ते म्हणाले, आजवर बरीच घराणी ऐकली, डीपी घराणं आज ऐकलं. बाबा खाली मान घालून सतरंजीचे दोरे मोजत होते. डीपी काय, फ्रिज काय, एकाच विजेवर एकाच सुरात गुणगुणतात, आणि तोच माझा पंचम होता; जन्मतः मिळालेला माझा सा वीज मंडळाच्या मालकीचा निघाला होता. मला कुठंतरी हसूही येत होतं, कारण काकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिचं तेच तर म्हणणं होतं. पण गुरुजी हसायचे थांबले, सतार पुन्हा मांडीवर घेतली आणि पुन्हा एकेक खुंटी उलटी फिरवायला लागले, तेव्हा माझं हसू पार पळालं.

"माई, फ्रिज बंद कर."

"आत श्रीखंड आहे."

"असू दे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

फ्रिज एक आचका देऊन बंद झाला. मी कधी एवढी शांतता ऐकली नव्हती. नळ ठिबकत होता, बाबा नाकानं मोठ्यानं श्वास घेत होते. मी खूप घाबरले होते. मग मी सतारीचा विचार सोडला आणि आमच्या खिडकीत जाऊन बसले, म्हणजे मनानं. संध्याकाळची वेळ, काकी दोरीवरचे बोंबील उतरवतेय, आईनं फोडणी घातलीय, खाली पोरं भांडतायत. एकेक आवाज आठवत गेले आणि या सगळ्यांच्या तळाशी, जिथं एरवी मी कधी बघितलं नव्हतं, तिथं ती होती. गूंऽऽ. मी तोंड मिटून तिच्यासोबत म्हणून बघितलं. छातीत हललं. मग तो सूर सुटू न देता खुंटी फिरवली. पंचम. त्यावरून सा. मग बाकीच्या. किती वेळ लागला कुणास ठाऊक, माईंनी मध्ये एकदा श्रीखंडाची आठवण करून दिली एवढं आठवतं.

मी हात काढले तेव्हा गुरुजींनी सतारीला बोट लावलं नाही. पेटीलाही नाही. फक्त माईंना म्हणाले, लाव आता फ्रिज. माईंनी बटण दाबलं. खडखड झाली, गूंऽऽ सुरू झालं, आणि माझ्या मांडीवरची सतार, जिला कुणी हात लावला नव्हता, तिची तरफ आपणहून, अगदी बारीक, झंकारायला लागली. मला ती मांडीत आधी जाणवली आणि मग ऐकू आली. मी गुरुजींकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"सोमवारपासून ये," ते म्हणाले. "आणि डीपी घरीच ठेवून ये."

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी पातळ झालेलं श्रीखंड वाटीनं प्यायलं. रिक्षात बाबा सतारीची मान धरून अर्धे बाहेर बसले होते. कोपरखैरण्याच्या वळणावर एकदम हसायला लागले, ते घरचा जिना चढेपर्यंत हसत होते. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती जरा हिरमुसली. म्हणजे देवीचा काही संबंधच नव्हता का, असं तिनं दोनदा विचारलं.

गुरुजींनी माझा सा पुढं कधी बदलला नाही. तुझा आहे, राहू दे, म्हणाले. अजून तोच आहे. हल्ली मी पनवेलजवळ करंजाड्याला शिकवते, खिडकीतून नवे टॉवर दिसतात, विद्यार्थी मोबाईलवर तानपुरा लावतात. परवा एक मुलगी ॲपमधली सगळी बटणं दाबून दमली आणि म्हणाली, मॅम, तुमचा सा यात नाहीच आहे. मी म्हटलं, बाळा, तो बोनकोड्याला मिळतो. मध्यंतरी तिकडे जाऊन आले. काकीच्या घरावर तिच्या मुलानं आणखी मजले चढवलेत, आमच्या खिडकीच्या जागी कुणाचा तरी एसी बसलाय. डीपी नवीन आलीय, पण कोपरा तोच. मी तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले. रिक्षावाल्याला वाटलं पत्ता चुकलाय.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी अर्थातच शुक्रवार होता. सकाळी ठरल्यासारखी लाईट गेली. पंखा फिरायचा थांबला, डीपी गप्प झाली. आता ती गप्प झालेली मला ऐकू आली. मी सतार गवसणीतून काढली. बाबा रात्रपाळी करून आले होते, ते चहाचा कप हातात धरून दारात उभे राहिले. आई देवापुढं बसली होती, तिनं पोथी उघडीच ठेवून मान वळवली. मी पंचम लावला, सा लावला, तरफ लावली आणि भर सकाळी, भर शुक्रवारी, उपासाच्या दिवशी, मला येत होती तेवढी तोडी वाजवली. चुका झाल्या. तरी सतार रुसली नाही. बाबांचा चहा गार झाला आणि आई टणटण म्हणाली नाही.

मध्येच जिन्यावर पावलं वाजली. कमळाकाकी धापा टाकत वर आली. तिनं सतारीकडे बघितलं, बंद पंख्याकडे बघितलं, हात लांब करून भिंतीवरचं बटण दोनदा खाली-वर करून बघितलं. मग कमरेवर हात ठेवून आईला विचारलं, "लाईट तं नाय. मंग ही चालते कशावर?"

आईनं पोथी मिटली. "कालच गुरुजींनी सेल घातले तिच्यात," ती म्हणाली.

काकीनं मान डोलावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला आमच्याकडून सरळ उत्तर मिळालं होतं. ती उंबऱ्यावर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "वाजव मंग."